होडीचा भाव

मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'मूल्य' हा शब्द दिवसातून चार वेळा तरी उच्चारावा लागतो. किंमत ठरवण्याची वेळ मात्र त्याच्यावर क्वचितच येते. माझ्यावर ती २०१९च्या जुलैत आली. मालवणला राहणाऱ्या मामेभावाला जुनी फायबरची होडी घ्यायची होती आणि निम्मे पैसे मी देणार होतो. यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर झापांखाली ओढून ठेवलेल्या. जुनी होडी पाहायला हाच काळ बरा, कारण तळ उघडा असतो.

मामांनी आधी किंमत विचारलीच नाही. ते रुपयाच्या नाण्याने होडीचे अंग ठोकत गेले. फायबरचे थर घट्ट असले तर आवाज खणखणीत येतो, सुटले असले तर बद्द. इंजिन टांगायच्या मागच्या फळीपाशी आवाज बद्द आला; आतल्या लाकडात पाणी मुरले होते. मग त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. आधीच चालवून गरम केलेले इंजिन कुणासमोरही चटकन सुरू होते. परीक्षा गार इंजिनाची. ते दुसऱ्या दोरीला सुरू झाले. शेवटी कागद पाहिले. कर्जाचा बोजा नव्हता, पण नोंदणी आणि परवाना अजून मृत मालकाच्या नावावर होता. वारसनोंद होईपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवायची, असे मामांनी तिथल्या तिथे सांगून टाकले.

विकणारी त्या मालकाची पत्नी. तिने दीड लाख सांगितले. मामांनी तिला फळी दाखवली, दुरुस्तीचा हिशेब सांगितला आणि वीस हजार कमी केले. ती कबूल झाली. मग म्हणाली, "जाळी न् नांगरय घेऊन जावा. आता कोण वापरतलो?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मीही मनात खूश झालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या अज्ञानाचा निम्मा वाटा माझा होता.

मामा म्हणाले, "गे बाय, होडयेचो भाव येगळो, जाळ्यांचो येगळो." त्यांनी जाळी वाळूवर पसरायला लावली, फाटकी बाजूला काढली आणि उरलेल्यांचे नांगरासकट अठरा हजार धरले. व्यवहार एक लाख अठ्ठेचाळीस हजारांना झाला. घासाघीस करून वाचले ते दोन हजार! भाऊ वाटेत एक शब्द बोलला नाही. मामांनीही खुलासा केला नाही.

ज्या नजरेने त्यांनी फळीतला दोष शोधला, त्याच नजरेने जाळ्यांतला गुणही मोजला. समीक्षेच्या तासाला मी ही दुसरी बाजू नेहमीच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. त्या दिवशी किनाऱ्यावर मात्र मला फक्त फळी दिसली होती.