शेवटच्या गाडीच्या आधी

लगीनसराई सुरू झाली की आमच्या गव्हाणमध्ये रात्री लवकर झोप लागत नाही. एका मांडवात हळदीची बेंजो पार्टी, पलीकडच्या आळीत डीजे, आणि या दोघांच्या मधून कुठूनतरी ट्रम्पेटची एक लकेर निसटून येते. मी कूस बदलतो. बायको म्हणते, "तुमचाच भाचा असेल." बहुतेक वेळा तोच असतो.

भाचा १९ वर्षांचा आहे. दिवसा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासतो आणि सुपारी असेल त्या संध्याकाळी लाल कोट चढवून बँडबरोबर वरातीत चालतो. कोट त्याच्या मापाचा नाही, बँडमालकाचा आहे. ट्रम्पेट मात्र त्याचं स्वतःचं. जुनंच आहे, दोन हप्त्यांत घेतलेलं.

आमच्या घरात बाजा आला तो अब्बांबरोबर. ते पनवेलच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बँडचा धंदा मुसलमान घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्या घरांतल्या पोरांना 'बाजेवाल्याची पोरं' ऐकावं लागतं तेही पिढ्यान्‌पिढ्या. वरातीत सगळे नाचतात. पंगतीत बँडवाल्यांना शेवटी बसवतात. मी शिकून मास्तर झालो यात शिक्षणाची आवड किती आणि त्या कोटापासून पळायची घाई किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी भाच्याने मला मोबाइलवर काहीतरी ऐकवलं आणि विचारलं, "मामू, हे लोक एकच गाणं दर वेळी वेगळं का वाजवतात?" ते जॅझ होतं. मी त्याला कव्वालीचं उदाहरण दिलं. मुखडा ठरलेला असतो, पण कव्वाल मधेच गिरह लावतो, एखाद्या शब्दावर घोटाळतो, पुन्हा मुखड्यावर येतो. जॅझचंही काहीसं तसंच. चाल सगळ्यांना माहीत, मधली वाट ज्याची त्याने काढायची, फक्त परत येताना ताल चुकवायचा नाही. तो म्हणाला, "मग हे आम्ही करतोच की. नाचणारे 'वन्स मोअर' ओरडले की मी शेवटची ओळ अशीच ताणतो." मला हसू आलं, आणि अब्बा आठवले.

१९७८ साल. मी १६ वर्षांचा होतो. अब्बांना क्लॅरिनेटच्या पत्त्या घ्यायच्या होत्या म्हणून आम्ही धोबीतलावला फुर्टाडोच्या दुकानात गेलो होतो. परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. रंगभवनच्या भिंतीपाशी आलो आणि अब्बा थांबले. रंगभवन उघड्यावरचं थिएटर. आतला आवाज भिंतीवरून रस्त्यावर येत होता. कोणीतरी सॅक्सोफोन वाजवत होतं. अब्बा पत्त्यांची डबी हातात धरून तसेच उभे राहिले. मी तीनदा म्हटलं, "अब्बा, एसटी चुकेल." एसटी चुकलीच. त्या रात्री आम्ही डोंगरीत, कोकणातल्या ओळखीच्या माणसांच्या खोलीवर झोपलो. झोपण्याआधी अब्बा एवढंच म्हणाले, "तो माणूस चुकत होता, आणि कोणी त्याला ओरडत नव्हतं." पुढे मला कळलं की ती चूक नव्हती. पण अब्बांना जे ऐकू आलं तेही खोटं नव्हतं. चुकायची मुभा असलेलं वाजवणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

तो पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव होता. निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया' संस्थेने तो भरवला. त्या वर्षी सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक मुंबईत येऊन वाजवून गेला. त्या रात्री भिंतीपलीकडे तोच होता की दुसरं कोणी, याचा शोध मी कधी घेतला नाही. पुढे बरीच वर्षं हा महोत्सव होत राहिला. मग आसपास हॉस्पिटलं आणि कॉलेज आहेत म्हणून रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथल्या रात्रीच्या मैफली बंद झाल्या. नियमाचं मी समजू शकतो, आजारी माणसाला झोप हवी. पण जो आवाज बाहेर जातो म्हणून ते थिएटर मुकं झालं, त्या बाहेर गेलेल्या आवाजावरच माझ्या बापाने एक संध्याकाळ काढली होती. तिकीट काढून आत जाणं त्यांना सुचलंही नसतं.

भाच्यामुळे मी या विषयावर वाचायला लागलो. मुंबईत जॅझ आलं ते बड्या हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवायला आला, त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर हळूहळू गोव्याची तरुण पोरं बसू लागली. फ्रँक फर्नांड त्यांतलाच. आल्दोन्याचा अँतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने गाजला, आणि आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, त्याची मोठी साथ मिळाली. 'अलबेला' (१९५१) मधला तो झगमगता बाजा आपल्या आजीआजोबांनी मिटक्या मारत ऐकला. तो जॅझचा पाहुणचार होता हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

पण ही गोव्याची पोरं तिथवर पोचली कशी? मला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. दुसरी, मुंबईत आल्यावर झोपायला जागा होती. धोबीतलावच्या आसपास गावागावांचे 'कूड' होते. आपल्या गावच्या माणसाला तिथे थोडक्या पैशांत खाट मिळायची. आमच्या डोंगरीतल्या खोल्यांसारखंच ते. आणि तिसरी, जाणत्या वादकाच्या शेजारची खुर्ची. लुई बँक्सचंही तसंच. दार्जिलिंगला जन्मलेल्या या पियानोवादकाचे वडीलच ट्रम्पेट वाजवत, त्याची ती खुर्ची घरातच होती. 'जॅझ यात्रा'ने पुढे हेच केलं. लुई बँक्स, सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक शैलीत गाणाऱ्या रमामणी यांना एकत्र आणून 'जॅझ यात्रा सेक्स्टेट' बांधला आणि तो युरोपात नेला. परदेशी पाहुणे आणून टाळ्या वाजवण्यापेक्षा हे काम मला मोठं वाटतं. महोत्सवातून श्रोते तयार होतात. वादक तयार व्हायला लिपी, खाट आणि खुर्ची लागते.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बहिणीला सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "भाई, तुम्ही त्याला चढवू नका. त्याच्यासाठी मुलगी बघायची आहे. आणि आपल्याकडे लोक काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे."

लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. वाद्य जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे, तो मी सोडवायला निघालेलो नाही. मी तिला फक्त काही नावं सांगितली. अहमद जमाल, पियानोवादक, ज्याने विशीत इस्लाम स्वीकारला. ड्रमर आर्ट ब्लेकी, ज्याने अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं. आणि युसूफ लतीफ, जो टेनर सॅक्सोफोनबरोबर बासरी आणि पूर्वेकडची वाद्यंही वाजवायचा. आपल्या संगीताला जॅझ म्हटलेलं त्याला आवडत नसे, आणि पुढे पुढे जिथे दारू मिळते तिथे वाजवणंच त्याने बंद केलं. आपल्याकडचेही सांगितले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा त्याच्याबरोबर सतार घेऊन बसले ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ. उस्ताद अल्लारखाँनी बडी रिच या ड्रमरबरोबर रेकॉर्ड केली, आणि माहीममध्ये वाढलेला त्यांचा झाकिर पुढे जगाचा झाला.

बहीण ऐकत होती. मग म्हणाली, "ते उस्तादांच्या घरात जन्मले. हा बँडवाल्याचा नातू आहे. दारू प्यायलेल्यांच्या पुढे हा रोज वाजवतो, त्याचं काय करू?" मला उत्तर आलं नाही. युसूफ लतीफचं नाव मी जिंकायला काढलं होतं, ते तिच्याच बाजूने गेलं.

गेल्या हिवाळ्यात मी भाच्याला मुंबईत जॅझप्रेमींच्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. निवेदकाने सुरुवातीलाच सांगितलं, कार्यक्रम संपला की मंच तरुणांसाठी मोकळा आहे, ज्याला वाजवायचं त्याने यावं, आमचे वादक साथ करतील. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. पिशवीत ट्रम्पेट होतं. मला न सांगता आणलेलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

इकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली हे खरं, पण ती सुटते नेरूळ-बेलापूरहून, आणि दर पाच मिनिटांनी सुटत नाही. आधी सीएसएमटीहून हार्बर लाइन, मग गाडी बदलायची, तेव्हा उतरावं लागायचं खारकोपरला, मग रिक्षा मिळाली तर मिळाली. अटल सेतू आमच्या उशाशी उतरतो, पण तो मोटारवाल्यांचा. कार्यक्रम रंगला, लांबला. शेवटचे दोन तुकडे बाकी असताना आम्ही वाकून, लोकांचे गुडघे चुकवत बाहेर पडलो. गाडी मिळाली. वाशीच्या पुलावर भाचा म्हणाला, "मामू, मला काय वाजवायचं ते ठरलं होतं." पुढे खारकोपरपर्यंत तो काही बोलला नाही.

१९७८ मध्ये माझा बाप एसटी चुकवून भिंतीबाहेर उभा राहिला. त्याच्या नातवाने तिकीट काढलं, आत बसला, आणि गाडी पकडायला निघाला. ४५ वर्षांहून जास्त काळात आम्ही भिंतीच्या आत आलो एवढी प्रगती झाली. मंच मात्र तेवढ्याच लांब राहिला, आणि कोणी अडवल्यामुळे नव्हे. त्या मंडळाची माणसं चांगली होती, त्यांनी मनापासून बोलावलं होतं. फक्त हे बोलावणं त्यांच्यासाठी होतं ज्यांना रात्री अकरा वाजता घर जवळ असतं.

मी त्यांना पत्र लिहिलं. पैसे मागितले नाहीत. एवढंच लिहिलं की तरुणांचा मंच कार्यक्रमाच्या आधी ठेवा, संध्याकाळी पाच वाजता. अल्लारखाँ साहेबांच्या बरसीला दर वर्षी ३ फेब्रुवारीला पहाटेपासून वादन सुरू होतं, तिथे दिवसाउजेडीही माणसं मन लावून ऐकतात. मग जॅझलाच रात्र कशाला हवी? वसई, पनवेल, उरण, कर्जत इथे वरातींत वाजवणारी कितीतरी पोरं आहेत. त्यांच्याकडे दम आहे, कान आहे, भर रस्त्यात चार तास वाजवायची सवय आहे. नाही ती लिपी. सूरलिपी आली तर नौदलाच्या बँडची भरतीही त्यांना परकी राहणार नाही. तुमच्यातल्या एकाने महिन्यातून एक दुपार खाडीच्या या बाजूला काढली तरी पुष्कळ होईल.

उत्तर आलं. सभ्य होतं. 'विचार करू' असं होतं. मी वाट पाहतो आहे, रागावलेलो नाही.

दरम्यान उलव्यातल्या नव्या इमारतींमध्ये एक निवृत्त गोवेकर राहायला आले आहेत. लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेले. माझी त्यांची ओळख मासळीबाजारात झाली. आता दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे येतात आणि भाच्याला, त्याच्या बँडमधल्या आणखी दोघांना पाच रेघांवरचे सूर वाचायला शिकवतात. त्या दोघांतला एक आगरी आहे, ढोल वाजवतो, त्याला सूर कशाला हवेत असं मी विचारलं तर म्हणाला, "आपन कुठं थांबायचं ते कळतं ना."

बहीण अजून नाराजच आहे. पण रविवारी जोहरची नमाज झाली की ती चार कप चहा जास्त टाकते, आणि अब्बांची क्लॅरिनेट तिने कपाटावरून काढून पुसून ठेवली आहे. पत्ती तेवढी वाळून चिरली आहे. पुढच्या महिन्यात भाच्याला घेऊन धोबीतलावला जायचं आहे. दुपारीच निघू, म्हणजे परत यायला घाई नको.