दर ठरतो त्या टेबलाशी बस

प्रिय चिनू,



दादाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजातच सगळं कळलं. व्हिसा झाला, बँकेचं कर्ज मंजूर झालं, आणि तू कोपनहेगनला बिझनेस स्कूलमध्ये शिकायला निघालीस. सस्टेनेबिलिटीत करिअर करायचं म्हणतेस. घरातले सगळे एकच विचारतायत: पर्यावरणाचंच काम करायचं तर पर्यावरणशास्त्र शिकावं, त्यासाठी बिझनेस स्कूल कशाला आणि एवढं कर्ज कशाला? तुझ्या वयाच्या पोरापोरींना घरोघरी हेच ऐकावं लागतंय. म्हणून हे पत्र तुला लिहितेय, पण सगळ्यांनी वाचावं असं.

उत्तर मी माझ्या कामातून देते. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसांची कॉस्टिंगं करण्यात माझं आयुष्य गेलं. कापड रंगून, धुऊन, फिनिश होऊन बाहेर पडतं आणि मागे उरतं रंगाचं, मिठाचं, कॉस्टिकचं पाणी. ते ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, जातं. तिथे एअरेशनच्या टाकीत ब्लोअरनं हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू जगतात आणि पाण्यातली घाण खातात. ब्लोअर रात्रंदिवस चालावा लागतो. तो बराच वेळ बंद राहिला की जिवाणू मरायला लागतात, गाळ काळा पडतो, टाकीजवळ उभं राहवत नाही. वीजही तो भरपूर खातो.

एका ठिकाणी विजेच्या बिलाची खातेवार वाटणी माझ्याकडे होती. दिवाळीचा हंगाम होता. रंगवलेल्या कापडाचे मीटर वाढत होते आणि ब्लोअरच्या सबमीटरवरची युनिटं मात्र घटत होती. कापड जास्त, पाणी जास्त आणि हवा कमी, हे गणित जुळेना. रात्री ब्लोअर बंद ठेवत होते, दुसरा अर्थच निघत नव्हता. मी मालकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, हिशेबाची वही माझ्यापुढे सरकवली. व्यापाऱ्यानं जॉब रेट पाडला होता आणि पैसे तीन महिन्यांनी मिळणार होते. रंग रोखीनं घ्यायचा, बॉयलरला जळण घालायचं, कामगारांचे पगार करायचे. यातलं काही टाळता येत नव्हतं. कुणाच्या नजरेस न येता टाळता येईल असा एकच खर्च उरत होता, तो ब्लोअरचा.

त्या वागण्याचं मी समर्थन करणार नाही. पंचगंगा नदीच्या पाण्यानं या भागातल्या माणसांनी काय सोसलंय ते तुला ठाऊक आहे. पण नदीचं काय होणार हे ईटीपीच्या ऑपरेटरनं ठरवलेलं नसतं, ते जिथे दर ठरतो तिथे आधीच ठरून गेलेलं असतं, हे मला त्या वहीनं शिकवलं. तिथे बसणाऱ्याला रसायनशास्त्र थोडं कमी आलं तरी चालेल, पण खरेदी, उधारी, व्याज आणि करार यांची भाषा आलीच पाहिजे. ती भाषा शिकायला तू निघालीयस, म्हणून तुझी निवड मला मनापासून पटते.

आणि डेन्मार्क त्यासाठी चांगला देश निवडलास. १९७३ साली तेलाचे भाव कडाडले तेव्हा या देशाची जवळपास सगळी ऊर्जा आयात तेलावर चालत होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायलाच बंदी झाली. त्या धक्क्यातून त्यांनी पवनऊर्जेची कास धरली. १९९१ मध्ये विंडेबीच्या किनाऱ्यालगत अकरा पवनचक्क्या समुद्रात उभ्या राहिल्या. जगातलं ते पहिलं समुद्री पवनविद्युत केंद्र. आज त्या देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून येते.

डाँग या सरकारी मालकीच्या कंपनीचा अभ्यास जरूर कर. तेल, वायू आणि कोळसा हा तिचा धंदा होता. २०१७ मध्ये तिनं तेल-वायूचा व्यवसाय विकला आणि ऑर्स्टेड हे नाव घेतलं. २०२४ मध्ये कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्रही बंद केलं. पण तिचं पुढचं प्रकरण वगळू नकोस. २०२३ मध्ये याच कंपनीला अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे दोन मोठे प्रकल्प सोडून द्यावे लागले. वारा होता तेवढाच होता. व्याजदर चढले, सामान महागलं, पुरवठा रखडला आणि विजेचा आधी ठरलेला भाव परवडेनासा झाला. हेतू कितीही चांगला असला तरी ताळेबंद त्याला माफी देत नाही. तो वाचता येणारी माणसं या क्षेत्रात हवीत, ती यासाठी.

सवड काढून कालुंडबोर्ग या गावी जा. कोपनहेगनपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथल्या वीजकेंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषधाच्या कारखान्याला जाऊ लागली, उरलेली उष्णता गावातली घरं उबदार ठेवू लागली, धुराड्यातलं गंधक पकडताना तयार झालेलं जिप्सम शेजारच्या प्लास्टरबोर्डाच्या कारखान्याचा कच्चा माल झालं. कुणी मोठा आराखडा आखून हे उभारलेलं नाही. परिसरात गोड्या पाण्याची चणचण होती. मग एकेका शेजाऱ्यानं दुसऱ्याशी, दोघांनाही परवडेल असा करार केला आणि वर्षानुवर्षं करार वाढत गेले.

हे बघताना तुला आपला साखर कारखाना आठवेल. बगॅस बॉयलरमध्ये जाऊन वीज होते, मळी डिस्टिलरीत जाते, प्रेसमडचं खत शेतात परत येतं. ही सगळी साखळी आपल्या माणसांना शिकवावी लागली नाही, कारण तिच्यात पैसा आहे. स्पेंटवॉशपाशी, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यापाशी, मात्र ती अनेकदा तुटते, कारण तिथे आधी खर्च करावा लागतो. कालुंडबोर्गच्या लोकांना विचार की जिथे लगेच फायदा दिसत नव्हता तिथे करार कसे जमवले, नुकसान कुणी किती वाटून घेतलं. मला त्या उत्तराची खरोखर उत्सुकता आहे.

नियमांबद्दल थोडं. आपल्याकडे सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा सस्टेनेबिलिटीचा अहवाल सक्तीचा केला. युरोपनं आयातीवर कार्बनचा कर आणला. सिमेंट, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं त्यात आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं, प्रत्यक्ष खर्चाची जबाबदारी २०२६ पासूनची. म्हणजे आपल्याकडून नटबोल्ट पाठवणाऱ्या कारखान्यालाही ते पोलाद कसं तयार झालं, याचा हिशेब मागितला जातो. यातून नोकऱ्या निघतायत, हे खरं. पण कंपन्यांनी सस्टेनेबिलिटीचे अहवाल द्यावेत, हा युरोपचाच मोठा कायदा २०२३ मध्ये लागू झाला आणि २०२५ मध्ये त्याच्या मुदती पुढे ढकलल्या गेल्या. ज्यांचं पोट केवळ अहवाल भरण्यावर अवलंबून असेल, त्यांना अशा वेळी धडकी भरते. तू अहवालाच्या मागचं काम शिक. नियम सैल झाला तरी विजेचं बिल, पाण्याची टंचाई आणि गिऱ्हाइकाचा करार कुठे जात नाहीत.

कापडाच्या धंद्यात हे फार स्पष्ट दिसतं. मोठ्या ब्रँडच्या कार्यालयात दिवे, एसी सौरऊर्जेवर चालले तरी त्यानं फारसं बिघडत वा सुधारत नाही. त्यांच्या कार्बनचा मोठा भाग पुरवठादारांच्या बॉयलरमधून निघतो. हा भाग स्कोप थ्रीमध्ये मोजतात. ब्रँड पुरवठादाराकडे सर्टिफिकेट मागतो, ऑडिट पाठवतो, आणि त्याच आठवड्यात त्याचं खरेदी खातं दर आणखी खाली ओढतं. एकाच कंपनीची ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. तुझ्यासारखीनं शिरावं अशी जागा मला तिथे दिसते.

म्हणून माझा हट्ट ऐक. इंटर्नशिप निवडायची वेळ आली की सस्टेनेबिलिटी खात्याच्या आधी खरेदी खात्याचा विचार कर. दर कसा मोडतात, उधारी कशी लांबवतात, पुरवठादार कसा बदलतात, हे आतून बघ. डॅनिश शिक, कामावरची खरी बोलणी इंग्रजीत होतीलच असं नाही. शिकून झाल्यावर लगेच परत येण्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. बँकेचं कर्ज फेड, तिथेच काम मिळालं तर चार वर्षं कर. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बसलेलं आपलं माणूस इथल्या पुरवठादाराला खूप उपयोगी पडू शकतं.

आणि अधिकार हाती आला की एक गोष्ट करून बघ. दरपत्रकात सांडपाण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहायला लाव आणि त्या ओळीवर घासाघीस करायची नाही, असा करार कर. रंगाईवर, फिनिशिंगवर, वाहतुकीवर हवी तेवढी ओढाताण होऊ दे. ती एक ओळ पूर्ण भरायची, वेळेवर भरायची, आणि बदल्यात ब्लोअरच्या सबमीटरचं रीडिंग दर महिन्याला मागायचं. पैसे मिळूनही कुणी ब्लोअर बंद ठेवला तर त्याचं काम काढून घे, तेव्हा मी तुझ्याच बाजूनं उभी राहीन. मी इथे राहून हे कुणाकडून करून घेऊ शकत नाही. तू करून घेऊ शकशील, त्यासाठीच जा.

तुझी,
आत्या