अक्षसूक्त आणि अटलांटिक सिटी

जुगार घरी पोहोचला की कॅसिनो ओस पडणार, हा तर्क सोपा आहे. न्यू जर्सीचा अनुभव तितका सोपा नाही. तिथे कायदेशीर ऑनलाइन जुगार नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले. पण त्यांचे गिऱ्हाईक शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने आधीच ओढून नेले होते. शिवाय ऑनलाइन परवाने अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंकडेच राहिले. तेव्हा मालकांची काळजी आम्ही करीत नाही. प्रश्न खेळणाऱ्याचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला जुगारी सभेत जाऊन हरतो. सासू त्याचा द्वेष करते, पत्नी दूर लोटते. त्याची अधोगती निदान चारचौघांना दिसते. मोबाइलवर खेळणारा मात्र जेवणाच्या ताटावरही हरत असतो, आणि वाढणारीला त्याचा पत्ता नसतो.