माय आय माम?

क्लुजमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात, संध्याकाळच्या भाषावर्गात बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं आणि त्याची वर्तमानकाळातली सहा रूपं आमच्याकडून मोठ्यानं म्हणून घेतली. येउ आम, तू आय, येल आरे, नोय अवेम, वोय अवेत्स, येय आउ. मूळ क्रियापद 'आ अव्या', अर्थ 'जवळ असणं'. लॅटिनमधल्या 'हाबेरे'पासून आलेलं. रोमानियन शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हे पाठ करावं लागतं, कारण त्यावाचून ना दुकानात काही मागता येतं, ना स्वतःचं वय सांगता येतं.

वर्गातले बाकीचे सहा रूपं घडाघडा म्हणत होते. मी दुसऱ्यापाशीच अडकले. तू आय. त्यातला 'तू' आपलाच, अर्थासकट. आणि 'आय' म्हणजे 'तुझ्याकडे आहे'.

मी वाळवा तालुक्यातली. आमच्याकडे आईला आय म्हणतात. पुण्यात कॉलेजला गेल्यावर पहिल्या महिन्यातच मला कळलं, की होस्टेलवर फोन आला की "आय, बोल" असं म्हणायचं नसतं. कोणी चिडवलं वगैरे नाही, नुसतं हसले. मी मुकाट्यानं 'आई'वर आले. चारचौघांत आई, घरी आय. पंधरा वर्षं असं दुहेरी चाललं. आणि आता परक्या देशात एक बाई खडू हातात धरून मला तो शब्द बिनदिक्कत, मोठ्यानं, दहा-दहा वेळा म्हणायला लावत होती.

खरी अडचण पुढंच होती. मराठीत या क्रियापदाला जोडच नाही. आपण 'असणं'वर भागवतो आणि उरलेलं काम विभक्तीवर नाहीतर शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे सायकल आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. तिच्यात धीर आहे. माणूस, वस्तू, खिसा, स्वभाव, प्रत्येकाचं नातं निराळं, म्हणून प्रत्येकाला निराळं शेपूट. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर ते पाहुणे आलेत असं वाटेल. रोमानियनला याचं काही नाही. भाऊ, सायकल, सुटे पैसे, धीर, सगळ्याला एकच 'आम'. वयसुद्धा. तिथं माणूस अमुक वर्षांचा नसतो, त्याच्याकडे तेवढी वर्षं असतात. हिशेब म्हणून मला हे पटलं. खर्चही होतच असतात की ती.

हे एकदा अंगवळणी पडल्यावर मी सुटलेच. भूक लागली तरी 'आम', थंडी वाजली तरी 'आम'. बाई हसून म्हणाल्या, ही चूक फ्रेंच किंवा इटालियन शिकून आलेली माणसं करतात, तू कशी काय केलीस? त्या भाषांमध्ये भूक माणसाच्या मालकीची असते. रोमानियनमध्ये मात्र 'म्ये फ्वामे', मला भूक आहे. तहान, थंडी, झोप, भीती, लाज या सगळ्या 'मला'च्या दाराशी येऊन उभ्या राहतात, अगदी आपल्यासारख्या. 'दोर' तशीच, कुणाच्या आठवणीनं जीव ओढ घेतो ती. म्ये दोर. ताप मात्र 'आम'मध्ये जातो, का ते विचारू नये. पण एवढं लक्षात आलं, की जे आपल्या हातात नाही त्यातल्या बऱ्याच गोष्टी ही भाषा आपल्या नावावर मांडत नाही.

माझी घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. सत्तरीची, एकटी, देवभोळी. मी तिला 'द्वाम्ना' म्हणायची आणि आदरार्थी 'अवेत्स'नं बोलायची. ती मला सरळ 'तू' म्हणायची. पहिल्या डिसेंबरात तिनं मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला आणि विचारलं, "माय आय माम?"

मला नुसते तीन शब्द ऐकू आले. माय, आय, माम. आमच्या बोलीत तिन्हींचा अर्थ आईच, तिसरा जरा शहरी. मला वाटलं, हिला मराठी येतं की काय. मग डोक्यात फळा उभा राहिला. 'माय' म्हणजे अजून. 'आय' म्हणजे तुझ्याकडे आहे. आणि 'माम'चा शेवटचा अ आपण खातो तसा न खाता पुरता उच्चारायचा. तुला अजून आई आहे का?

"आम," मी म्हणाले. तिनं आयचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं आणि एका कागदावर उतरवून घेतलं. का ते मी विचारलं नाही. रात्री फोनवर आयला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, "मग त्यांच्यात आईला काय म्हणत्यात, तू?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसली.

2021 च्या मे महिन्यात आय गेली. दुसऱ्या लाटेत इस्लामपुरात बेड मिळाला, पण उशिरा. मी निघू शकले नाही. विमानं, चाचण्या, विलगीकरण. कारणं खरी होती, सगळ्यांना पटली. दहावा मी भावाच्या फोनवर बघितला. कॅमेरा सारखा हलत होता. पिंडाला कावळा शिवला की नाही ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. भाऊ म्हणाला, शिवला.

दोन दिवसांनी जिन्यात द्वाम्ना भेटली. नेहमीचा प्रश्न, "चे माय फाचे मामा?" आई कशी आहे?

उत्तर मला येत होतं. 'आ मुरित.' वारली. भूतकाळ करायलाही हेच क्रियापद लागतं. 'आरे' आखडून नुसता 'आ' होतो. परीक्षेत या रूपांवर मला पूर्ण गुण मिळाले होते. पण तोंडातून आलं, "बिने." बरी आहे.

एकदा बरी म्हटल्यावर ती पुढच्या आठवड्यातही बरीच असणार. जूनमध्ये बरी होती, गणपतीत बरी होती, नाताळला जरा सर्दी झाली होती. हो, मी सर्दीसुद्धा सांगितली. नऊ महिने त्या जिन्यात आय जिवंत होती. मला हे वेडेपणाचं वाटत नव्हतं असं नाही. पण मराठीत सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि ही एकच भाषा उरली होती जिच्यात ते अजून घडलं नव्हतं.

कधीकधी माझ्याकडे निरखून बघत द्वाम्ना विचारायची, "चे आय?" शब्दशः, तुझ्याकडे काय आहे? म्हणजे, काय झालंय तुला? मी म्हणायची, "नाम निमिक." काही नाही.

पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी तिनं मला अक्रोड फोडायला खाली बोलावलं. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार होता. त्या दिवशी 'कोलिवऽ' करून देवळात नेतात. शिजवलेला गहू, साखर, अक्रोड. आमच्याकडच्या खिरीचाच गहू, फक्त कोरडा आणि थंड. टीव्हीवर युक्रेनच्या सीमेवरून चालत येणाऱ्या बायका-पोरांची दृश्यं होती, आवाज बंद केलेला. टेबलावर तिचा नावांचा कागद होता. पाद्रीबाबा वाचतात तो. दोन रकाने: डावीकडे 'वीय', जिवंत, उजवीकडे 'आदोर्मित्स', झोपी गेलेले.

डाव्या रकान्यात, तिच्या मुलाच्या आणि नातवंडांच्या खाली आयचं नाव होतं. चुकीच्या स्पेलिंगमध्ये. आयचा त्या धर्माशी काही संबंध नव्हता, आणि असं नाव तिथं चालतं का, मला माहीत नाही. द्वाम्नाला तो प्रश्न पडलेला दिसत नव्हता. पहिल्या डिसेंबरापासून ते नाव वाचलं जात होतं.

मी अडकित्ता खाली ठेवला.

"नु माय आम," मी म्हणाले. आता नाही. या वाक्यातही माय होतीच. ती वर बघत राहिली तेव्हा मी नावावर बोट ठेवलं.

"कधी?"

"मे."

ती मोजत असावी. जून, जुलै, नाताळची सर्दी. मी काहीतरी समजावून सांगायला लागले आणि क्रियापदं सगळी एकात एक अडकली. तिनं हात नुसता हलवला. क्रॉस केला, मृतांसाठी म्हणतात ते पुटपुटली, देवानं तिला क्षमा करावी. मग खणातून नवा कागद काढला, मधोमध रेघ मारली आणि सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा लिहिली, मुलाचं, नातवंडांचं, नवऱ्याचं. उजवीकडे स्वतःच्या आईच्या खाली थांबून तिनं विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

तिनं ते तसंच उतरवलं, चष्मा काढला आणि वाटीत बघून म्हणाली, की एवढे अक्रोड पुरायचे नाहीत, दुकान बंद व्हायच्या आत जाऊन ये.