दुसऱ्याच्या हातची मोटार

आमच्या घराण्यात आजवर मोटार कोणी घेतली नव्हती. वडिलांच्या काळी सायकल होती. पुढे आमची स्कूटर आली. गिरीजहून विरारच्या शाळेत जाणे, पापडीच्या बाजारातून पिशव्या आणणे, मुलीला शिकवणीहून घरी आणणे, ही सारी कामे तिने चौदा वर्षे निमूटपणे केली. परंतु मागच्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका रात्री तिला दवाखान्यात न्यायचे होते. पाऊस कोसळत होता आणि रिक्षा मिळेना. अखेर शेजाऱ्यांनी आपला भाजीचा टेम्पो काढला. ताडपत्रीखाली, रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध बसलेली आई उलट आम्हांलाच धीर देत होती. ते दृश्य काही केल्या मनातून जाईना.

नवी मोटार आवाक्याबाहेरची होती. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावायचा नाही, हे सौ.नी आधीच बजावले होते. ती वगळता चार लाख रुपये उरत होते, आणि त्यातच नावावर करण्याचा खर्च, विमा व पहिली दुरुस्ती बसवायची होती. तेव्हा जुनीच गाडी घ्यायची, हे ठरले. पण कोणती?

आम्ही वही घेऊन बसलो. आमचे जाणे-येणे महिन्याला फार तर सहाशे किलोमीटर. एवढ्याशा धावण्यासाठी डिझेलची महाग गाडी घेण्यात अर्थ नव्हता. सीएनजी स्वस्त पडतो खरा. परंतु त्याची टाकी डिकीतली जागा खाते आणि आईचा वॉकर ठेवायला जागा हवी होती. शिवाय त्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून पेट्रोलची गाडी नक्की केली. बुटक्या गाडीत आईला गुडघे मोडून खाली बसावे लागले असते. लांब गाडी आमच्या आळीच्या वळणावर अडली असती. अशा रीतीने वॅगन आर या उंच बांध्याच्या गाडीवर येऊन आम्ही थांबलो. २०१९ च्या जानेवारीत आलेल्या तिच्या नव्या रूपाची लांबी सुमारे ३.६५ मीटर आणि डिकी ३४१ लिटरची. १ जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. पण आई पुढच्या सीटवर बसणार, म्हणून तिच्यापुढेही ती असलेलीच गाडी पाहायची होती.

गावातल्या मेस्तरींना आम्ही सोबत घेतले. पहिली गाडी अगोदरच्या बनावटीची, २०१६ सालची होती. परंतु रंग असा चकचकीत आणि किंमत इतकी कमी, की आम्ही वही विसरलो व मनातल्या मनात तिला दारात उभी केली. मेस्तरी म्हणाले, "सर, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा बरं." ओढला, तर आत लपलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ! गालिचा उचलला, तर सीटच्या रुळांवर गंज. २०१८ च्या जुलैत आपल्या वसईत पाणी भरले होते, ते आम्हां सर्वांना आठवते. ही गाडी तेव्हा बुडाली की आणखी कधी, कोण जाणे. पण ती बुडालेली होती, एवढे निश्चित. मालक मात्र "एकदम चोख गाडी" म्हणत हसतच होते.

दुसऱ्या गाडीच्या मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर होते. पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले. कंपनीच्या कार्यशाळेतील नोंद मागितली, तेव्हा मालकांना एकाएकी घाई झाली.

तिसरी गाडी २०१९ च्या अखेरची, एका निवृत्त गृहस्थांची. डाव्या दारावर ओरखडा होता. तो कसा पडला, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. "मागचे दोन टायर बदलावे लागतील," हेही सांगितले. टायरवरचे चार आकडे आम्ही वाचले. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे असतात. ते गाडीइतकेच जुने होते. नोंदणीपुस्तकावर पहिलाच मालक, कर्जाचा बोजा उतरलेला, चॅसिसचा क्रमांक जुळणारा. सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिले, खड्ड्यांच्या रस्त्याने चालवून पाहिली. २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या झाल्या. विम्यावरील 'नो क्लेम' सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही, हे तेव्हाच कळले. तेवढी रक्कम जास्त भरली.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. आमची स्कूटर घेण्यासाठी एक तरुण आला. घरोघरी सामान पोचवण्याचे काम करणारा. अठरा हजारांना सौदा ठरला. "अंकल, काही काम निघेल का तिचं?" त्याने विचारले. स्कूटर ऑईल पीत होती, हे आम्हांला ठाऊक होते. जिभेवर "काही नाही" हे शब्द आलेही होते. सौ. दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांला ती पट्ट्यावरची गढूळ रेघ आठवली. आम्ही खरे ते सांगितले. तो अकरा हजार देऊन स्कूटर घेऊन गेला. सात हजार गेले. आमच्या टायरांसाठी धरलेले तेच पैसे होते. टायर एक महिना उशिरा आले, आणि त्या महिन्यात आम्ही गाडी गावाबाहेर काढली नाही.

आता दवाखान्याच्या दिवशी आई पुढच्या सीटवर बसते. परवा तिने त्या ओरखड्यावरून हात फिरवला. आम्ही म्हणालो, "आई, रंगवून घेऊ." ती म्हणाली, "राहू दे रे. त्याने सांगून दिलाय तो."