घुमटावरची गाठ

लघवीतून रक्त जातं म्हणून दुर्बीण घालायची, गाठ खरवडायची, तुकडे बायॉप्सीला पाठवायचे. मूत्राशयाच्या नेहमीच्या कर्करोगात हे बरोबरच. पण गाठ पिशवीच्या माथ्यावर, घुमटावर दिसली की माझा हात आखडतो.

घुमट ओळखायला सोपा. पिशवी पाण्यानं भरली की आत शिरलेला हवेचा बुडबुडा थेट वर जाऊन चिकटतो. कोपरा नजरेत येत नसेल तर दुसऱ्या हातानं ओटीपोट दाबायचं. घुमट खाली उतरतो. तिथल्या गाठीवर शेंबडासारखा चिकट थर असला, लघवीतूनही तसंच काही जात असलं, की मनात पहिलं नाव येतं युरेकसचं. गर्भावस्थेत मूत्राशय आणि बेंबी जोडणारी ही नळी पुढं मिटते, तिचा नुसता दोर उरतो. त्यातल्या राहून गेलेल्या पेशींना क्वचित कर्करोग होतो. मूत्राशयाच्या कर्करोगांत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी.

दुर्बिणीतून दिसतं ते फक्त टोक. बरीचशी गाठ भिंतीबाहेर वाढलेली असते. म्हणून नुसतं खरवडून भागत नाही. निदानापुरता तुकडा घ्यायचा आणि सीटी स्कॅन करायचा. मधल्या रेषेवरच्या गाठीत चुन्याचे कण दिसले तर शंका बळावते. सूक्ष्मदर्शकाखाली हा ॲडिनोकार्सिनोमा मोठ्या आतड्याच्या कर्करोगासारखाच दिसतो, त्यामुळे आतड्याचीही दुर्बीण करून घ्यावी लागते.

मग नातेवाइकांशी बोलणं. आमच्या दिल्लीतल्या रुग्णालयाला नाव कागलच्या हिंदूराव घाटग्यांचं, बायजाबाई शिंद्यांच्या भावाचं. ओपीडीतला संवाद मात्र सगळा हिंदीत. "डॉक्टरसाहब, बीमारी पेशाब की है, नाभि क्यों निकालोगे?" हा प्रश्न हमखास येतो आणि मला तो फार रास्त वाटतो. मी केसपेपरच्या पाठीमागं पिशवी काढतो, वर बेंबी, मध्ये दोर. रोग या वाटेनं वर सरकू शकतो. म्हणून घुमट, दोर आणि बेंबी एकसंध काढायची. गाठ मध्ये कुठंही फुटू द्यायची नाही, नाहीतर पेशी पोटात सांडतात. ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही बऱ्याचदा काढतो.

उरलेली पिशवी राहते, माणूस पूर्वीसारखी लघवी करतो. हे सांगताना मला मनापासून आनंद होतो. रोग पसरलेला असेल तर केमो. त्यातही आतड्याच्या कर्करोगाची फ्लुओरोयुरॅसिलसारखी औषधं इथं उपयोगी पडतात. आजार इतका दुर्मीळ की मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, हेही मी लपवत नाही. पुढच्या भेटीत दुर्बीण होतेच. पोट आणि छातीचा स्कॅन मात्र मी कार्डावर स्वतःच्या हातानं लिहून देतो.