एका डीपीवरची यंत्रं

उन्हाळी भेंडीला पाणी देणारा मुरबाडकडचा शेतकरी मोटर कुरकुरायला लागली म्हणून लगेच ती उघडत बसत नाही. आधी डीपीचा, म्हणजे लाइनीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा विचार करतो. तिच्यावर पंप किती, त्यातले आत्ता चालू किती, आपण लाइनीच्या शेवटाला आहोत का, हे तो पाहून घेतो. रिवाइंडिंगवाल्याकडे जायचं ते त्यानंतर. एका कॉम्प्युटरवर तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालवणारे मात्र उलटं करतात. त्यातलं एक अडखळलं की त्याच्याच सेटिंग्ज बदलायच्या, ड्रायव्हर बदलायचे आणि शेवटी वैतागून ते पुसून नव्याने घालायचं. सर्व्हर-नेटवर्कचं काम शिकणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींना तीन कॉम्प्युटर विकत घेणं परवडत नाही, एकावरच सगळा संसार मांडावा लागतो, म्हणून ही उलटी सवय त्यांना जास्त महागात पडते. माझं म्हणणं एवढंच की विचित्र वागणाऱ्या मशीनपेक्षा वाटणीवर आधी संशय घ्यावा आणि शोध बाहेरून आत यावा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. व्हर्च्युअल मशीनचं वचनच मुळी वेगळेपणाचं. एकाच्या घरात काय चाललंय याची झळ दुसऱ्याला लागायची नाही, मग शेजाऱ्यावर संशय का? पण ते वचन नीट वाचायला हवं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली या शास्त्राच्या अटी मांडल्या, तेव्हा पहिली अट अशी होती की प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा चालेल तसाच इथेही चालावा. त्या अटीला त्यांनी तिथल्या तिथे दोन अपवाद जोडले: साधनसामग्री किती उपलब्ध आहे त्यामुळे पडणारा फरक आणि वेळेमुळे पडणारा फरक. म्हणजे मेमरी, डिस्क, प्रोसेसर आणि घड्याळ यांची हमी कुणी दिलेलीच नव्हती. आपल्याला चक्रावून टाकणारं वागणं बहुतांशी या दोन अपवादांतूनच येतं.

मेमरीचंच बघा. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या केव्हीएमवर, 8 जीबीच्या कॉम्प्युटरवर, 3 जीबीची तीन मशीन बिनबोभाट सुरू होतात. बेरीज 9, आणि होस्टला, म्हणजे मूळ कॉम्प्युटरला, स्वतःलाही काही लागतं. पण कुणीच आपला पूर्ण वाटा वापरत नाही तोवर हे खपून जातं. तिघांनी एकदम हात पसरले की होस्ट त्यांच्या मेमरीतला काही भाग गुपचूप डिस्कवर टाकतो. गंमत अशी की आत जाऊन पाहिलं तर मशीन सांगतं, माझ्याकडे दीड जीबी मोकळी आहे. खोटं बोलत नाही बिचारं, त्याला कागदावरचा वाटाच तेवढा दिसतो. शहापूरकरांना हे समजावून सांगायला नको. तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, नंतर भातसाचंही जाऊ लागलं, आणि त्याच तालुक्यातले पाडे मे महिन्यात टँकरची वाट बघतात. हंड्यात डोकावून धरणातला साठा कळत नाही.

डिस्कचा हिशेब तर बोटांवर होतो. मिनिटाला 7200 फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद घेते. सरासरी अर्धा फेरा आणि वर डोकं सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेली अशी ऐंशीच्या आसपास कामं सेकंदाला उरकतात. चार मशीन एकदम सुरू केली की प्रत्येकाच्या वाट्याला वीस. मग विंडोज हँग झालं असं आपण म्हणतो. प्रोसेसरच्या बाबतीत केव्हीएम थोडं प्रामाणिक आहे: गेस्टमधल्या, म्हणजे आतल्या मशीनमधल्या, ‘टॉप’ या कमांडच्या ओळीत ‘एसटी’ नावाचा एक आकडा असतो. काम तयार होतं पण होस्टने प्रोसेसर दुसऱ्याला दिला, त्या खोळंब्याचा तो हिशेब. रेल्वे नसलेल्या मुरबाडच्या माणसाला एसटी आणि वाट बघणं यांचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही!

घड्याळाचा घोटाळा लहान, पण फसवा. लॅपटॉपचं झाकण मिटलं की गेस्टचं घड्याळ थांबू शकतं. उघडल्यावर ते मागे राहिलं तर नुकतंच काढलेलं डिजिटल प्रमाणपत्र त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं. लॉगिन तपासणारं केर्बेरॉस सहसा पाच मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही. चूक दिसते ती लॉगिनमध्ये, आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

आता कुणी म्हणेल, रॅम वाढवा, एसएसडी टाका, कशाला एवढा काथ्याकूट? रॅम वाढवाच. पण ओळखीचा गोंधळ रॅमने सुटत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या नॅट मांडणीत प्रत्येक मशीनला 10.0.2.15 हाच पत्ता मिळतो; प्रत्येकाचं नेटवर्क स्वतंत्र असल्याने टक्कर होत नाही, पण ती एकमेकांना दिसतही नाहीत. क्लोन केलेल्या उबुंटूत तर मॅक पत्ता वेगळा असूनही मशीन-आयडी तोच राहतो. काही आवृत्त्यांत पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडची ओळख त्यावरूनच बनते, म्हणून दोघांना एकच आयपी मिळतो. मग जोडणी कधी या मशीनमध्ये, कधी त्या. एकाच घर क्रमांकाची दोन घरं असली तर पोस्टमन तरी काय करणार?

दोष खरोखरच आत असतो, असंही होतं. त्याची परीक्षा सोपी आहे: बाकीची मशीन बंद करा आणि एकट्यालाच चालवा. तरीही रडत असेल तर खुशाल उघडा. यावरही आक्षेप येतो की चालू ऑफिसात शेजारी बंद करता येत नाहीत. मान्य. तिथे लक्षणाची वेळ लिहून ठेवावी, आणि तीही होस्टच्या घड्याळाने. डेबियन कुळातल्या बहुतेक सर्व्हरांत क्रॉनची रोजची कामं मुळातच सकाळी 6:25 ला लावलेली असतात. एकाच साच्यातून काढलेली तीन मशीन असली तर तिघंही त्याच मिनिटाला डिस्कवर तुटून पडतात, आणि पाणी सोडण्याच्या पाळ्या लावाव्यात तसं एकाच्या क्रॉनटॅबमध्ये 25 च्या जागी 5, दुसऱ्याच्या 45 लिहिलं की सकाळ निवांत जाते.